बाईसाहेबांचा फुलोरा

६ मार्च

वन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. चार वर्षांनी लिहितेय म्हणजे आधी खुशाली विचारायला हवी, पण सुरुवातीच्या ओळी तुम्ही वाचतच नाही. तुमच्या भावाची पत्रंसुद्धा तुम्ही दुसऱ्या परिच्छेदापासून वाचायचात आणि मग मला विचारायचात, "हा मधे आजारी होता का गं?" तेव्हा मुद्द्यावर येते. बाईसाहेब फुलायला निघाल्या आहेत.

जानेवारीत गाभ्यातला कोंब जरा वर आलेला दिसला. मला वाटलं, तब्येत सुधारली. सव्वीस वर्षं जे झाड वर्षाला मोजून सात-आठ पानं काढतं, ते एकाएकी अंग धरायला लागलं तर कुणालाही आनंद होईल. मी हौसेनं कुंडी बदलली, वर चमचाभर खत दिलं. आठवड्यानं माळीमामांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, गाभ्यातली पानं बघा. आखूड झालीत, बारीक झालीत. ही वाढ नाही. ही निघायची तयारी आहे." नर्सरी चालवणाऱ्या बाईनं करावी अशी चूक नाही, पण केली.

पुढचं तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण लिहिलं की माझं डोकं ताळ्यावर राहतं. राणी घायपात एकदाच फुलते आणि फुलून झाली की वाळते. बाकीच्या घायपाती बुडाशी पिल्लं सोडून जातात. आपल्या बाईसाहेबांनी सव्वीस वर्षांत एकही सोडलं नाही. म्हणजे उरलं बी. आणि स्वतःच्या परागावर हिचं बी भरत नाही, नुसती पांढरी फोलपटं निघतात. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि माझ्या माहितीत दुसरं झाड एकच आहे, तुमच्या गच्चीत. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी एका ट्रेमध्ये चाळीस बिया पेरल्या होत्या. जगली दोन. एक इथे राहिलं आणि दुसरं तुम्ही सहा तासांच्या प्रवासात मांडीवर घेऊन गेलात.

तुमचं कधी फुलायचं आहे? याच वर्षी असेल तर थोडा पराग पाठवाल का? यांच्या हातचं आता इथे हे एकच उरलंय. बाकीचं विकलं गेलं किंवा माझ्या हातून मेलं. हेही असंच मागे काही न ठेवता गेलं, तर मला ते चालणार नाही. एवढंच मागणं आहे.

तुमची भावजय
(अजून मानत असाल तर)


२५ मार्च

वन्सं,

कार्ड मिळालं. चार वर्षांनी तीन वाक्यं, म्हणजे तुमच्या मानानं पाल्हाळच. समोर ठेवूनच लिहितेय. "माझं झाड गेल्या वर्षी फुलून गेलं. पराग बीजपेढीत गोठवून ठेवला आहे. आधी सांग, त्या आठवड्यात मला येऊ नका असं का कळवलंस."

गेल्या वर्षी तुमच्या घरी ते फुललं, वाळलं, आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत. गच्चीत एकट्यानंच बघितलंत का? माझ्याकडे तेव्हा फुलायचं चिन्ह नव्हतं, त्यामुळे तुमच्या झाडाला इकडून काहीच मिळालं नसतं, हे मला कळतं. तरी कळवायला हवं होतं, असं लिहिणार होते. मग म्हटलं, हे बोलायला मला तोंड आहे का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. "येऊ नका" असं मी म्हटलं नव्हतं. "तब्येत सुधारतेय, येण्याची घाई नको" असं कळवलं होतं. मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, वार मंगळवार, सकाळी साडेदहा. त्या दिवशी हे खरंच उठून बसले होते. दोन पोळ्या खाल्ल्या, दाढी केली, काचघरात जाऊन रिकाम्या कुंड्या धुतल्या. जे दिसलं ते मी कळवलं. तुमचं बुधवारचं तिकीट होतं आणि ते तुम्ही रद्द केलंत, हे मला नंतर कळलं.

दांडा आता दिसायला लागलाय. मनगटाएवढा जाड, वर टोकदार. दिवसाला चार बोटं वाढतो. मी भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करतेय.

पराग कधी पाठवता?


१४ एप्रिल

वन्सं,

"हे उत्तर नाही." ठीक आहे. तीन शब्दांसाठी तुम्ही आख्खं कार्ड वाया घालवलंत, त्यावरून रागाचा अंदाज आला.

इथली हकिगत अशी, की परवा दांडा काचघराच्या छताला टेकला. सकाळी बघते तर टोक काचेला लागून वाकायला लागलं होतं. काचवाल्याला बोलावलं. तो आला, वर बघितलं, खाली बघितलं, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, काय काढायचंय? काच की झाड?"

"काच."

"झाड काढलं तर पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि काच?"

"अर्धा दिवस. आणि पाऊस आला तर मला बोलावून ओरडायचं नाही."

"नाही ओरडत."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून तो शिडीवर चढला. दोन काचा काढल्या, मधली पट्टी कापली. उतरल्यावर विचारलं, "देतं काय हे झाड?" मी म्हटलं, काही नाही. फळ नाही, सावली नाही, वास नाही. तो शिडी मिटता मिटता म्हणाला, "मग बरोबर आहे. असल्याच गोष्टींसाठी लोक छत काढतात." काचवाल्याला एवढं कळत असेल असं वाटलं नव्हतं.

आता दांडा छतातून बाहेर आहे आणि रस्त्यावरून जाणारे येणारे विचारतात, अँटेना का बसवली? खाली मात्र हाल सुरू झालेत. बुडाची पानं पातळ पडायला लागलीत. इतकी वर्षं साठवलेलं सगळं ती आता वर पाठवतेय, पाणी घातलं तरी घेत नाही. तळव्याएवढ्या त्या जाड पानांवर शेजारच्या पानाच्या कडेचा ठसा असतो ना, गाभ्यात घट्ट दाबून बसलेली असताना उमटलेला, तो आता सुरकुत्यांमध्ये दिसेनासा झालाय. पांढऱ्या रेघा तेवढ्या शाबूत आहेत.

तुमच्या प्रश्नाबद्दल. आमच्या डॉक्टरीणबाई त्या आठवड्यात जरा गोंधळलेल्या होत्या. निश्चित असं काही त्या सांगत नव्हत्या. घरच्यांनी तरी काय समजायचं? एवढंच म्हणायचंय.

फुलं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उघडतील असं माळीमामा म्हणतात.


६ मे

वन्सं,

काल पहिली ओळ उघडली. फुलं जोडीजोडीनं बसलीत, पिवळसर हिरवी, कडेला किंचित जांभळट. सुंदर म्हणवत नाही. यांनी बघितली असती तर सुंदर म्हटलं असतं.

उघडल्या दिवशी फुलातून लांब काड्या बाहेर येतात, टोकाला पराग. पण त्याच फुलाचं पराग घेणारं टोक तेव्हा बंद असतं. दोन-तीन दिवसांनी, स्वतःचा पराग झडून गेला की मग ते टोक वर येतं, ओलं होतं, चिकट होतं. यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, काय हा गलथान कारभार! तर म्हणाले, "गलथान नाही. स्वतःचंच स्वतःला लागू नये म्हणून आहे." फुलोरा खालून वर उघडत जातो. शेंड्याला पोचायला तीन आठवडे. म्हणजे माझ्या हातात तीन आठवडे आहेत, आणि माझ्या हातात म्हणजे तुमच्या हातात.

तुमचं तिसरं कार्ड आलंच नाही, तेव्हा मीच नीट सांगते. मला वाटतं, माझ्या स्वभावातच ही खोट आहे. या जानेवारीत गाभा वर आलेला बघून मला वाटलं, झाड बरं झालं, आणि मी खत घातलं. त्या मंगळवारीही तसंच झालं. हे उठले, जेवले, कुंड्या धुतल्या, माळीमामांची थट्टा केली. उभारी दिसली की मला ती बरं होण्याची वाटते. ती शेवटची असू शकते हे माझ्या लक्षातच येत नाही. मी फसले, वन्सं. तुम्हाला फसवलं नाही.

हे लिहून बरं वाटलं. पटलं तर पराग पाठवा. टपालाला चार दिवस लागतात, तेवढे धरून चला.


१९ मे

वन्सं,

खालच्या निम्म्या फुलांचा वेळ गेला. टोकं वर आली, ओली झाली, सुकली. पाकळ्या गळून खाली पडल्यात आणि मी रोज सकाळी त्या झाडते.

मागच्या पत्रातलं ते उभारीचं सगळं चांगलं जमलं होतं. टाकण्याआधी मी ते दोनदा वाचलं होतं. ते खोटं होतं.

डॉक्टरीणबाई गोंधळलेल्या वगैरे नव्हत्या. सोमवारीच त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, आठवडा, फार तर दहा दिवस. मधे एखादा दिवस तरतरी येईल, तिला भुलू नका, हेही सांगितलं होतं. मी भुलले नाही. मंगळवारी सकाळी साडेदहाला मला सगळं माहीत होतं, आणि मी तुम्हाला घाई नको असं कळवलं.

का, ते लिहायला मला जवळजवळ दोन महिने लागले आणि लिहायला बसले तर दोन ओळींचं आहे. तुम्ही आलात की हे तुमचे व्हायचे. आणि ते दिवस मला वाटून घ्यायचे नव्हते.

चोवीस वर्षं मी बघितलंय. तुम्ही दारात चपला काढायच्या आत दोघांची झाडांची ती लांबलचक नावं सुरू व्हायची. मी चहा ठेवायला आत जायचे. चहा घेऊन बाहेर यायचे तोवर तुम्ही दोघं लहानपणात जाऊन पोचलेले असायचात आणि तिथे मी नव्हतेच. तुम्ही कधी मुद्दाम केलं नाहीत. मला ते आवडायचंसुद्धा, हे इतके हसायचे म्हणून. पण माझ्याबरोबर ते तसे हसायचे नाहीत, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला एकदा तरी हे एकटीचे हवे होते. तसे मिळाले. खोलीत आम्ही दोघंच. मी औषध द्यायचे, हे खिडकीतून काचघराकडे बघायचे.

आणि एक. यांनी दोनदा विचारलं, "ताई निघाली का?" दोन्ही वेळा मी सांगितलं, तिकीट मिळत नाहीये.

तुम्ही पुढच्या मंगळवारी आलात तेव्हा सगळं आटपून चोवीस तास झाले होते. अंगणात उभं राहून तुम्ही मला काय काय बोललात. मला राग आला होता, कारण तुम्ही बोलत होतात त्यातलं एकूण एक खरं होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही हे तुम्हाला ठरवत बसावं लागेल, आणि तेवढं काम मी तुमच्यावर टाकू नये. परागाचं ठरवा. शेंड्याकडच्या दोन हात लांबीत अजून कळ्या आहेत.


२२ मे

वन्सं,

पार्सल आज सकाळी आलं. बर्फाच्या पिशव्या वितळल्या होत्या, पण काचेच्या कुप्या गार होत्या आणि आतले ओल शोषणारे खडे कोरडे होते. तीन कुप्या. प्रत्येकीवर तुमच्या बारीक अक्षरात "उघडल्यावर चार तासांत वापरावा." चिठ्ठी नाही. खोका दोनदा उलटा करून बघितला.

मग शिक्का बघितला. अठरा तारखेचा. मी ते पत्र एकोणीसला लिहिलं.

म्हणजे तुम्ही उत्तराची वाट बघितलीच नाहीत. मी आणखी तीन दिवस गप्प बसले असते तर पराग आलाच असता आणि ते कधी लिहावं लागलं नसतं. मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जाऊन आले. तीन दिवसांपूर्वी टाकलेलं पत्र पेटीत नसतं हे मला कळतं, तरी जाऊन आले. उद्या ते तुमच्या हातात पडेल. इथून ते थांबवायचा कुठलाच उपाय मला सुचला नाही. संध्याकाळपर्यंत मला घाबरायला झालं होतं, पण कुपी उघडायला लागणार होती म्हणून घाबरणं बाजूला ठेवलं.

शिडी लावली. काढलेल्या काचांच्या जागेतून डोकं बाहेर काढलं की शेंडा बरोबर तोंडासमोर येतो. कालपरवा उघडलेल्या फुलांच्या काड्या मी आधीच नखं कापायच्या कात्रीनं काढून ठेवल्या होत्या. ज्यांची टोकं ओली झाली होती अशी बावीस फुलं मिळाली. रंगाच्या बारीक ब्रशनं पराग लावला, देठाला लाल दोरा बांधला. माळीमामा खाली शिडी धरून उभे होते.

"वहिनी, पडलात तर मी झाडाला धरीन. आधीच सांगून ठेवतो."

"मला कोण धरणार?"

"तुम्ही दुसऱ्या कुंडीत लागाल. झाड लागायचं नाही."

बाकीच्या दोन कुप्या डीपफ्रीजमध्ये आहेत. चार दिवसांनी दुसरी, आठवड्यानं तिसरी उघडीन. तुम्ही पराग पाठवला तो माझं पत्र न वाचता. वाचून पाठवला असतात की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही कळवू नका.


११ जुलै

वन्सं,

तुमच्याकडून काही नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

तीन कुप्या मिळून बहात्तर फुलांना पराग लावला होता. एकतीस बोंडं धरली. अंगठ्याच्या पेराएवढी, हिरवी. लाल दोरा नसलेल्या फुलांपैकी एकही धरलं नाही. खालची पानं वाळून काथ्यासारखी झालीत, मधली लाल पडलीत. माळीमामा म्हणतात, बोंडं पिकेपर्यंत ती तग धरेल. त्यांना मी विचारलं, कशावरून? म्हणाले, "वहिनी, आता दुसरं काय काम आहे तिला?"

दर पंधरा दिवसांनी कळवत जाईन. झाड तुमचंही आहे.


३० सप्टेंबर, स्वयंपाकघराच्या टेबलावर

वन्सं,

तुम्ही अजून झोपला आहात आणि मी काचघरात जातेय, म्हणून ही चिठ्ठी. चहा थर्मासमध्ये आहे, बिनसाखरेचा.

काल दुपारी दार उघडलं आणि समोर तुम्ही. पिशवी खाली न ठेवताच विचारलंत, "बोंडं तडकली का?" मी म्हटलं, कालपासून तडकायला लागलीत. मग तुम्ही थेट मागे गेलात. बाईसाहेबांचं काय झालंय ते बघितलंत, पानांचं ते वाळकं गाठोडं एकदा हातानं चाचपलंत आणि म्हणालात, "चांगली वाढवलीस." जेवण झाल्यावर अंथरूण तुमचं तुम्हीच घातलंत. पांघरुणं कुठे असतात ते तुम्हाला आठवत होतं.

टेबलावर दोन पाकिटं आहेत. काल उघडलेल्या बोंडांतल्या बिया मी पहाटे निवडल्या. पांढऱ्या टाकून दिल्या. काळ्या, चपट्या, भरलेल्या दोनशे अठरा निघाल्या. एक पाकीट तुमचं. दुसरं मी याच आठवड्यात पेरणार आहे. वाळूत, वर नुसती चाळलेल्या मातीची भुरभुर, यांच्या पद्धतीनं. तुम्हाला पद्धत चुकीची वाटत असेल तर तसं सांगा, भांडू.

रात्री तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही कशासाठी आलात ते मला कळलंय. यांचे आठ दिवस माझ्याकडे आहेत. तुम्हाला ते मिळाले नाहीत. परत करता येत नाहीत, पण सांगता येतात. कुठल्या दिवशी काय खाल्लं, काय बोलले, कुठल्या झाडाचं नाव घेतलं, कशाला हसले, सगळं आठवतंय. रोज एक दिवस सांगीन म्हटलं तर आठ दिवस लागतील. तेवढं राहावं लागेल.

त्याआधी एक दुरुस्ती करायची आहे. ती तोंडानं होणार नाही, म्हणून कागदावर करते. यांनी तुमच्याबद्दल दोनदा विचारलं, असं मी मे महिन्यात लिहिलं होतं. कबुली देतानाही माझा हात आखडला. दोनदा नाही, वन्सं. रोज विचारायचे. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच, आणि शेवटच्या सोमवारीसुद्धा.

हे वाचून निघावंसं वाटलं तर निघा. पाकीट तेवढं घेऊन जा. मी बाहेर येऊन अडवणार नाही. थांबलात तर मागच्या दारानं या, मी कुंड्या धुतेय.